भराव घालण्याआधी ठरावातलं ते वाक्य खोडा
आमच्या पाळकसाहेबांना आणि पंचकमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंचकमिटीतील बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावात सलाम.

मागच्या महिन्यातल्या सभेचं इतिवृत्त मला मिळालं. चर्चच्या मागचं सखल शेत मातीचा भराव घालून वर आणायचं, कडेचे दोन आंबे, फणस आणि पाच माड काढायचे आणि तिथे हॉल व पार्किंग करायचं, असा ठराव झालाय. हॉल हवा हे मलाही मान्य आहे. नाताळला निम्मी मंडळी अंगणात उभी असते, लग्नं भाड्याच्या हॉलमध्ये लावावी लागतात आणि हॉल फंडाची पावती दर महिन्याला माझ्याही नावावर फाटते. प्रश्न तेवढाच असता तर सभेत विरोधात हात वर केला असता, हरले असते आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागले असते.

पण ठरावाखाली कारण म्हणून एक वाक्य लिहिलंय. पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही शेवटी जळून जाणार असल्याने मंडळीने जमीन व झाडे राखण्यात साधने खर्च न करता ती आत्मे जिंकण्याच्या कामी लावावीत. खाली सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर.

या वाक्याबद्दल मी दोनदा लेखी कळवलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, "आम्ही प्रार्थनेत ठेवू" एवढंच. प्रार्थनेत ठेवलेली गोष्ट आपल्याकडे किती वर्षं तिथेच राहते हे आपण सगळेच जाणतो. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितेय. आणखी एक कारण आहे. त्या शेताच्या बांधावरून वाड्यावरची, म्हणजे शेजारच्या वस्तीतली, माणसं ये-जा करतात, चर्चच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात सात-आठ घरं नेतात. त्यातलं एकही घर ख्रिस्ती नाही. त्यांच्या पायाखालच्या जमिनीबद्दल आपण आपल्या वहीत देवाच्या नावानं काय लिहून ठेवलंय, हे त्यांनाही कळायला हवं.

माझ्यावर 'पर्यावरणवाली' असा शिक्का मारला जातोय असं कानावर आलं. तो नीट बसायचा नाही. माझे वडील सत्तरच्या दशकात कोल्हापूरकडून गोव्यात डिचोलीला आले ते खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून. आमचं घर, माझं शिक्षण, चर्चवरच्या जुन्या पत्र्यांसाठी त्यांनी दिलेला अख्खा बोनस, सगळं लोहखनिजाच्या पैशातलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या तेव्हा माझ्या भावाचा ट्रक दोन पावसाळे दारात उभा होता. २०१८ साली ८८ लीज रद्द झाली तेव्हा तो विकला. खाण बंद झाल्यावर घरात काय होतं ते मला कोणी सांगायला नको. खाण चालू असताना शेतात काय होतं तेही नको. लाल गाळ भाताच्या वाफ्यात उतरलेला आणि शिरगावच्या विहिरी आटलेल्या पाहतच आमची पिढी मोठी झाली.

वडिलांच्या, आमच्या आप्पांच्या, तोंडी एक शब्द कायम असायचा, रिजेक्ट. कमी प्रतीचा माल बाजूला डोंगरासारखा ओतून ठेवायचे, त्याला रिजेक्ट म्हणायचे. पावसात तोच वाहून खाली यायचा. मग २००० नंतर चीनकडून मागणी आली, कमी प्रतीचा मालही खपू लागला आणि लोक जुने डंप उकरायला लागले. आप्पा हसून म्हणायचे, "काल फेकलेलं आज बार्जमधून चाललंय. माल तोच आहे, घेणाऱ्याची नजर बदलली."

ठरावातलं वाक्य वाचलं तेव्हा मला तो डंप आठवला. अख्खी पृथ्वी आपण रिजेक्टमध्ये टाकली, तीही एकमतानं.

आप्पा २०१७ साली गेले. आपल्याच दफनभूमीत आहेत, शेताला लागून असलेल्या शेवटच्या ओळीत. पाळकसाहेब, त्या दिवशी कबरेपाशी तुम्हीच करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचलात. नाशवंत असं पेरलं जातं, अविनाशी असं उठवलं जातं. त्या शेजारच्या शेतात तेव्हा भात पोटरीला आलं होतं आणि 'पेरलं जातं' हा शब्द मला कानाआधी डोळ्यांनी कळला. तुम्ही आप्पांना टाकलं नाहीत, पेरलंत. पेरलेलं उगवायचं असेल तर ज्या मातीत पेरलं ती जाळून टाकायची असते का? मी आठ वर्षं याच आशेवर त्या कबरेपाशी फुलं ठेवतेय. म्हणून ते वाक्य मला इतकं लागलं.

तुम्हाला शास्त्र सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, हे मला कळतं. तरी सांगते, कारण ठरावाला जो आधार दाखवलाय तो पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय आहे आणि तो अर्धाच वाचलाय.

दहाव्या वचनात पृथ्वी आणि तिच्यावरची कामं जळून जातील असं बऱ्याच भाषांतरांत आहे. तुम्ही सेमिनरीत ग्रीक शिकलात, मी नाही. पण तळटीप मलाही वाचता येते. चौथ्या शतकातली सिनाय आणि व्हॅटिकन ही जुनी हस्तलिखितं तिथे 'जळून जातील' म्हणत नाहीत. तिथलं क्रियापद 'सापडणं' या अर्थाचं आहे. म्हणून अलीकडची कित्येक भाषांतरं 'उघडकीस येतील' असं म्हणतात. दोन्हींत केवढा फरक पडतो बघा. जळून गेलं तर हिशेब कोण मागणार? उघडकीस आलं तर मागणारा समोरच उभा असणार.

बरं, हस्तलिखितांचा वाद विद्वानांना करू द्या. त्याच अध्यायात पेत्र नोहाच्या जलप्रलयाचं उदाहरण देतो. तेव्हाचं जग पाण्यानं बुडून नाश पावलं, असं म्हणतो. नाश पावलं म्हणजे काय झालं? तारू टेकलं ते याच पृथ्वीवर. नोहा उतरला तो याच चिखलात, आणि त्यानं द्राक्षमळा लावला. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात देव करार करतो तो नोहाशी आणि त्याच्या वंशाशी, आणि तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशीही. पाखरं, गुरं, रानातली जनावरं, सगळ्यांशी. आपल्या ठरावात त्या कराराच्या दुसऱ्या पक्षकाराला नोटीससुद्धा नाही. (हा विनोद आमच्या वकील भाचीचा आहे, पण मला पटला.) तेराव्या वचनात पेत्र नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची वाट पाहायला सांगतो, जिथे नीतिमत्त्व वास करतं. अख्ख्या अध्यायाची धाव तिकडे आहे. ठराव दहाव्या वचनापाशीच गाडीतून उतरला.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सृष्टी कण्हते आहे म्हणतो, आणि ते कण्हणं प्रसूतीच्या वेदनांचं आहे म्हणतो. कळा आणि घरघर यांतला फरक कुठल्याही सुईणीला कळतो. सृष्टी नाशाच्या दास्यातून मुक्त होईल असं तो लिहितो. मुक्त व्हायला ती उरायला हवी ना? कलस्सैकरांस पत्रात वधस्तंभाच्या रक्तानं समेट होतो तो पृथ्वीवरच्या आणि स्वर्गातल्या सर्व गोष्टींचा. प्रेषितांची कृत्ये, तिसरा अध्याय, पेत्राचंच भाषण. सर्व गोष्टी पूर्ववत होण्याच्या काळाबद्दल तो बोलतो. प्रकटीकरणाच्या शेवटी तर नगरी वरून खाली उतरते. आपण वर जात नाही, देव खाली राहायला येतो. आणि राजासनावर बसलेला म्हणतो, पाहा, मी सर्व गोष्टी नव्या करतो. सर्व नव्या गोष्टी करतो असं तो म्हणत नाही. शब्दांची ही उलटापालट मराठीतसुद्धा कळते.

यावरून आमच्या शब्बाथ शाळेतली एक गोष्ट. जूनमध्ये मुलांना स्वर्गाचं चित्र काढायला दिलं. नऊ मुलं होती. आठ जणांनी ढग, सोनेरी दरवाजा आणि पंखवाली माणसं काढली. नवव्यानं नदी काढली आणि तिच्या काठी फणस. बुंध्यापासून वरपर्यंत फणस लगडलेले. बाकीची मुलं इतकी हसली की त्यानं कागद पालथा घातला. मी त्या आठवड्यात प्रकटीकरणाचा बाविसावा अध्याय पुन्हा वाचला. जीवनाच्या पाण्याची नदी, तिच्या दोन्ही बाजूंना जीवनाचं झाड, महिन्यामहिन्याला फळ, पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. फणस तेवढा त्यात लिहिलेला नाही, बाकी पोराचं काय चुकलं? ढग काढणाऱ्या आठ मुलांना ते ढग आपणच शिकवले. त्यात मी आले, तुमचे उपदेश आले आणि आता हा ठरावही आला.

आणि खुद्द प्रभू पुनरुत्थानानंतर शिष्यांना भेटला तेव्हा त्यानं काय केलं? भाजलेला मासा मागून खाल्ला, लूक सांगतो. गोव्यात राहून हे वचन विसरणं जरा अवघडच आहे. कबर रिकामी होती. जुनं शरीर मागं टाकून दुसरं घेतलं असतं तर कबरेत काहीतरी राहिलं असतं. जे पुरलं तेच उठलं, खिळ्यांच्या खुणांसकट, नवं होऊन. पृथ्वीचं काय होणार याचा आपल्याकडे असलेला एकमेव नमुना तो आहे.

सभेत कोणीतरी "हे सगळं पोपचं आहे, आपलं नव्हे" असं म्हणालं आणि हशा झाला, असं कळलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या काळजीवर परिपत्रक काढलं हे खरं आहे, आणि चांगलं काढलं. पण दुसऱ्या शतकात बिशप इरेनिअस याच मुद्द्यावर भांडत होता. हे भौतिक जग कुठल्यातरी हलक्या देवानं केलं, त्यातून आत्मा सुटला की झालं, असं म्हणणाऱ्यांना मंडळीनं तेव्हाच खोटी शिकवण ठरवलं. आपल्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या जॉन वेस्लीनं रोमकरांसच्या याच आठव्या अध्यायावर १७८१ साली उपदेश लिहिला, त्यात जनावरांच्याही मुक्तीची आशा सांगितली. आणि आपण मराठी बोलणारे आहोत, गोव्यात आहोत, म्हणून घरचं उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठीत, ओवीत. ते सुरू होतं सृष्टीच्या उत्पत्तीपासून. या भाषेची थोरवी सांगायला त्यानं मोगरा घेतला, कस्तुरी घेतली, मोर घेतला. चारशे वर्षांपूर्वी आलेल्या इंग्रज पाद्र्याला इथल्या मोगऱ्यातून देवाची भाषा बोलता आली, आणि आपल्याला फणस दिसला की पार्किंग दिसतं.

आता शेताकडे येते. इथे मी थोडक्यात आटपते, कारण हे तुम्हाला दिसतंच आहे.

शेत कसणाऱ्या काकांना कुणी विचारलं नाही. गेली कित्येक वर्षं ते पावसाळी आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचं) अशी दोन्ही पिकं काढतात, मंडळीला खंड म्हणून भात घालतात. ते कायद्यानं कूळ ठरतात की नाही ते मामलेदार बघतील. पण हंगामाच्या सणाला वेदीपुढे जी भाताची पेंडी आपण ठेवतो, ती त्यांनी कापून दिलेली असते. ज्या शेताच्या पिकाबद्दल ऑक्टोबरात देवाचे आभार मानले, तेच शेत त्याच महिन्यात जळण्याच्या लायकीचं ठरलं. वेदीपुढची पेंडी अजून सुकलीही नव्हती.

पाण्याचं तर साधं आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मागच्या जांभ्याच्या डोंगरात तो मुरतो, झर होऊन शेतात उतरतो, तिथे थांबतो, विहिरीला मिळतो. शेत दोन मीटर उचललंत तर ते पाणी डोंगरात परत जाणार नाही. ते दफनभूमीत शिरेल, शेवटच्या ओळीपासून. आणि विहीर एप्रिलमध्ये तळाला जाईल. वाड्यावरच्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन परत जातील तेव्हा त्यांना आपण कुठली सुवार्ता सांगणार आहोत? चवथीच्या आधी याच बांधावर त्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या छतासाठी, कांगलां आणि आंबाडे शोधत असतात. त्यांचा देव आणि माझा देव यांबद्दल आमचं एकमत नाही आणि ते लपवायचं कारणही नाही. पण रानातली प्रत्येक वस्तू देवापुढे आणून टांगावी हे त्यांना कळतं, आणि ती वस्तू देवाचीच आहे असं शिकवणारे आपण बुलडोझर ठरवून बसलोय, याची मला लाज वाटते.

कायद्याचं म्हणाल तर सखल जमिनीत भराव घालायला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली परवानगी लागते. झाडं तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली लागते. "माडाला लागत नाही" असं एका पंचांनी सांगितलं म्हणे. तसं २०१६ साली झालं होतं, गोव्याच्या विधानसभेनं माडाला झाडांच्या यादीतून काढलं होतं. पुढच्याच वर्षी नवं सरकार आलं, माड पुन्हा झाड झाला, वर राज्यवृक्षही झाला. इतिवृत्तात कुठल्याही अर्जाचा उल्लेख नाही, "झोनचं बघून घेऊ" एवढंच आहे. 'बघून घेऊ' हे शब्द मंडळीच्या वहीत शोभत नाहीत.

आणि ५ जूनचा कार्यक्रम. आपण बॅनर लावला होता, उद्या जगाचा अंत होणार असला तरी मी आज सफरचंदाचं झाड लावीन, खाली मार्टिन लूथर. ते वाक्य लूथरच्या लेखनात कुठेच नाही, विसाव्या शतकाआधी त्याचा पत्ताच लागत नाही, पण ते जाऊ दे. फोटो काढले, बॅनर गुंडाळला आणि दहा रोपं प्लास्टिकच्या पिशव्यांतच जुलैअखेर कुजली. ती मी मोजून बाहेर टाकली.

मी काय म्हणत नाही तेही सांगते, कारण त्यावर बोट ठेवलं जाईल. एक शेत राखल्यानं देवाचं राज्य येत नाही. नवी पृथ्वी आणणारा देव आहे, ती पंचायतीच्या किंवा पंचकमिटीच्या ठरावानं यायची नाही. सुवार्ता सांगणं थांबवा असंही म्हणत नाही, मी स्वतः दर रविवारी तेच करते. पण पौल तो पुनरुत्थानाचा लांबलचक अध्याय संपवतो तो "म्हणून तुमचे श्रम व्यर्थ नाहीत" या अर्थाच्या वचनानं. सगळं जळणारच असेल तर श्रम व्यर्थच. मग हॉल तरी कशाला बांधता? तोही पृथ्वीवरच असणार आहे.

माझ्या मागण्या अशा.

ठरावातलं कारणाचं वाक्य पुढच्या सभेत खोडावं आणि खोडल्याची नोंद करावी. हॉल हवा असेल तर "जागा अपुरी आहे" असं खरं कारण लिहा. मी अनुमोदन देईन.

सर्वसाधारण सभेत मतदान होईपर्यंत मातीचा एकही टिप्पर आत येऊ नये, एकाही झाडाला कुऱ्हाड लागू नये. त्या सभेला शेत कसणाऱ्या काकांना आणि विहिरीचं पाणी नेणाऱ्या घरांना बोलवावं. मताचा हक्क नसला तरी बोलू द्यावं.

जमीन ज्या बाईंनी मंडळीला दिली त्यांचं दानपत्र सभेत मोठ्यानं वाचून दाखवावं. ते कपाटात आहे, किल्ली खजिनदारांकडे आहे.

जुन्या पत्र्याच्या शेडच्या जागी, वरच्या कातळावर हॉल बसतो का, हे एखाद्या इंजिनियरला दाखवावं. जागा लहान पडेल, गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतील. लावू.

आणि पाळकसाहेब, तुम्हाला एकट्याला एक विनंती. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार समोर आहेत. त्यांतला एक रविवार रोमकरांसच्या आठव्या अध्यायाला द्या, अठरा ते पंचवीस वचनं. तुमचा अर्थ माझ्यापेक्षा वेगळा निघाला तर मी मान खाली घालून ऐकेन. पण उपदेश पुलपिटवरून व्हावा, ठरावाच्या तळाशी नको. दर रविवारी आपण मिळून "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही" म्हणतो, तेव्हा 'पृथ्वीवर' या शब्दाचा अर्थ आपल्या मंडळीत नक्की काय धरायचा, हे मला मुलांना सांगायचं आहे.

उत्तर या रविवारी उपासनेनंतर मिळालं तर बरं. काल काका दफनभूमीच्या कुंपणापाशी भेटले. वायंगणाचं बी भिजत घालायचं त्यांनी चार दिवस थांबवलंय. विचारत होते, "बाई, तुमच्या लोकांचं काय ठरलं? घालू की नको?"

आपली प्रभूमधली बहीण,
मंडळीची एक सभासद आणि शब्बाथ शाळेची शिक्षिका
डिचोली तालुका, नोव्हेंबर